मदत हवी आहे: प्रीकॅन्सर आणि कॅन्सरच्या स्लाइडवर टी-सेल्स मोजायच्या कशा?

नमस्कार मंडळी, मी ओरल पॅथॉलॉजीत एमडीएस करतेय, थिसिसचा विषय आहे तोंडातल्या प्रीकॅन्सरपासून कॅन्सरपर्यंत इम्यून सेल्स कशा बदलत जातात. आपल्याकडे गुटखा, मावा, खर्रा खाणारे इतके की सबम्युकस फायब्रोसिसच्या (तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाणारा प्रीकॅन्सर) केसेस शोधाव्या लागत नाहीत, ब्लॉक्स (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) भरपूर आहेत, अडलंय ते मोजण्यात.

सीडी ८, फॉक्सपी ३ वगैरे म्हणजे कुठली इम्यून सेल आहे ते ओळखायचे मार्कर. सीडी ८ वाल्या टी-सेल्स (एक प्रकारच्या इम्यून सेल्स) ट्यूमरला मारतात आणि फॉक्सपी ३ वाल्या रेग्युलेटरी सेल्स त्यांनाच दाबून ठेवतात, मॅक्रोफेज या दुसऱ्या इम्यून सेल्सचंही तसंच, सीडी १६३ वाले बरेचदा ट्यूमरच्याच बाजूचे निघतात. म्हणजे लिम्फोसाइट्सची (टी-सेल्स याच गटातल्या) गर्दी दिसली म्हणून लगेच खूश व्हायचं नाही, गर्दी कोणाची आहे ते बघायचं. पण गाईड म्हणतात बजेट नाही, एकच सीडी ३ (सगळ्या टी-सेल्सचा मार्कर) लाव आणि मोकळी हो. मला काही ते पटत नाहीये, निदान सीडी ८ आणि फॉक्सपी ३ चा रेशो तरी हवा ना?

दुसरं म्हणजे ल्युकोप्लाकियात (तोंडातला पांढरा चट्टा, हाही प्रीकॅन्सर) डिसप्लेसिया (पेशींची बिघडलेली वाढ) असेल तर एपिथेलियममधल्या (वरच्या आवरणातल्या) सेल्स आणि खालच्या लॅमिना प्रोप्रियातल्या (आधार देणाऱ्या थरातल्या) सेल्स वेगळ्या मोजायच्या का? कॅन्सरमध्ये इन्व्हेजिव फ्रंट (ट्यूमर जिथून आत घुसतो ती कड) आणि ट्यूमरचा मधला भाग असं वेगळं धरता येतं, पण फायब्रोसिसमध्ये फ्रंटच नाही, मग तुलना कशाशी करायची? आणि अल्सर झालेली जागा सरळ सोडून द्यायची ना, तिथे नुसत्या इन्फेक्शननेच सेल्स वाढतात. लायकन प्लॅनस (तोंडातल्या अस्तराचा एक दाहाचा आजार) मी घेतच नाहीये, त्यात एपिथेलियमखाली टी-सेल्सचा पट्टा मुळातच असतो, सगळे आकडे बिघडतील.

कोणी इमेजजेवर (फोटोतल्या सेल्स मोजायचं सॉफ्टवेअर) मोजलं असेल तर किती फील्ड (मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारा भाग) घेतली तेही सांगा प्लीज, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लवकरच द्यायचाय.