गेम आर्टिस्ट व्हायचंय: पोर्टफोलिओत काय ठेवू?

प्रश्न: बारावी झाली, ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल्स बनवायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं. प्रॉप आर्टिस्ट, म्हणजे गेममधल्या वस्तू बनवणारा, व्हायचंय. किती मॉडेल्स हवीत? आणि नॉर्मल मॅप (उठाव-खड्ड्यांचा भास देणारं चित्र) बेक केला, म्हणजे बारीक मॉडेलवरून साध्या मॉडेलवर उतरवला, की पेटीच्या कडांवर काळ्या रेघा का येतात?

उत्तर १: आधी रेघांचं. जिथे शार्प एज (टोकदार दिसणारी कड), तिथे यूव्ही (मॉडेलचा सपाट उलगडलेला नकाशा) तोडायलाच हवं. तुकड्यांमध्ये मोकळी जागाही सोड. २०४८ पिक्सेलच्या टेक्स्चरला (मॉडेलवर चढवायच्या चित्राला) निदान ८ पिक्सेल. नाहीतर शेजारचा रंग झिरपतो. बेकआधी मेश (मॉडेलची जाळी) ट्रायँग्युलेट कर, त्रिकोणांत तोड, म्हणजे इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चौकोन भलत्याच कर्णावर तोडणार नाही.

उत्तर २: अनरील या गेम इंजिनमध्ये नेताना नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा भाग) उलटा कर. ब्लेंडरचा मॅप ओपनजीएल पद्धतीचा, अनरीलला डायरेक्टएक्स लागतो; दोन्हींत हिरव्याची दिशा उलट. विसरलास तर उठावाचे रिव्हेट खड्ड्यांसारखे दिसतात. युनिटी या दुसऱ्या इंजिनात ही भानगड नाही.

उत्तर ३: ३-४ मॉडेल्स पुरेत, पण पूर्ण झालेली. अर्धवट एकही नको. ब्लेंडर शिकताना सगळे बनवतात तो डोनट तर नकोच, ट्यूटोरियल लगेच ओळखू येतं. तांब्याचा बंब घे, टेपने मोजता येतो. नळाखाली क्षारांचा पांढरा थर, तळाशी काजळी, हात लागून चकाकलेली कडी, हे सगळं रफनेस मॅपमध्ये (कुठे चकाकी, कुठे खरखरीतपणा हे सांगणाऱ्या चित्रात) उतरलं पाहिजे. खरी परीक्षा तिथेच होते. सोबत वायरफ्रेम (मॉडेलच्या जाळीच्या रेषांचं चित्र), यूव्ही आणि ट्रायँगल्सची संख्या दे. शेवटची चित्रं मात्र इंजिनमधलीच.