वजन आधी उतरतं, मग चढतं

जन्मताना ३ किलो असलेलं बाळ पाचव्या दिवशी २ किलो ७६० ग्रॅम भरलं, तर वरचं दूध सुरू करावं का, असं विचारलंय. नुसत्या या आकड्यावरून नको. ही घट ८ टक्के झाली. पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, त्यात बराच भाग अंगातल्या जास्तीच्या पाण्याचा असतो. तरी ८ टक्के म्हणजे वरच्या टोकाकडेच, तेव्हा बाळ नीट पितंय का ते जाणत्या नर्सकडून बघून घ्या. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला दुखतं आणि बाळाला दूध कमी मिळतं. भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा.

काट्याइतकेच लंगोट बघा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ ओले व्हायला हवेत आणि शी काळी न राहता पिवळी. तसं नसेल किंवा बाळ सुस्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जन्माचं वजन बहुधा १० ते १४ दिवसांत भरून निघतं, पुढे तीनेक महिने रोज २०-३० ग्रॅम वाढ. म्हणून रोज मोजण्यात अर्थ नाही; भरलेला लंगोट किंवा नुकतंच प्यायलेलं दूध एवढा फरक सहज पाडतं. काटा तोच, बाळ उघडं, पाजण्याआधी. आता दोन दिवसांनी एकदा, वजन चढू लागलं की आठवड्याने.