लोणारची गाईड टूर, असंच असते का?

वऱ्हाडी_पोट्टा: मागच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन लोणारले गेलो, गाईड केला तर त्यानं वरून सरोवर दाखवलं, उल्का पडली, पाणी गुलाबी झालं एवढंच बोलला अन् धारेवर नेऊन म्हणे फोटो काढा. खाली उतरायचं इचारलं तं उशीर झाला म्हणे. लय वाईट वाटलं राजेहो, बेसाल्टमधलं, म्हणजे लाव्हा थंडावून झालेल्या काळ्या खडकातलं, असं विवर जगात दुर्मिळ, अन् आपल्या बुलढाण्यात हाय! परत जायचंय, काय करू?

रानवाट: सकाळी लवकर जा भाऊ, अन् पैसे ठरवतानाच खाली पाण्यापर्यंत नेणार का ते विचारून घ्या. हळद लावलेला कागद पाण्यात बुडवून पहा, लाल होतो, पाणी इतकं अल्कधर्मी आहे. चांगला गाईड हे स्वतःहून दाखवतो.

मास्तर_मेहकर: गुलाबी रंग रोजचा नाही, जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि हॅलोआर्किया जंतू वाढले म्हणून तसं दिसलं. हे न सांगता नुसतं गुलाबी गुलाबी करणं म्हणजे लोकांची फसवणूकच.

माय_विदर्भ: गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका, कोरीव काम निवांत पाहा. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर विवरात उतरवू नका, चढताना दम लागतो.