घाटघरला पाणी परत वर चढवणं परवडतं कसं?

घाटवाट्या: सह्याद्रीतल्या घाटघरच्या वरच्या धरणातलं पाणी चारशे मीटर खाली सोडून २५० मेगावॅट वीज करतात, आणि मग वीज जाळून तेच पाणी परत वर! आतबट्ट्याचा धंदा नाही का हा?

सबस्टेशनवाला: युनिटांत आतबट्ट्याचाच. १०० घाला, ७५-८० परत. पण आमच्याकडे दुपारी दोनचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट एका भावात मोजत नाहीत हो. दुपारची सौर वीज ३ रुपयांनी घेतली तर परत येताना ४ ला पडते. सातला मागणी वाढून ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागली की त्या युनिटाला बाजारात किती मिळतात ते बघा. खरी गोम भांडवलात. दोन धरणं, बोगदे, आणि पहिलं युनिट वीज निघेपर्यंत चढत राहणारं व्याज.

घाटवाट्या: मग बॅटरी का नको?

सबस्टेशनवाला: दोन तासांपुरती हवी तर बॅटरीच घ्या, लवकर उभी राहते. सहा-आठ तासांचं काम असेल तर मी डोंगरातल्या अशा धरणांच्या बाजूने.

कोकण्या: आणि जमीन जाते त्यांचं?

सबस्टेशनवाला: म्हणून तर रायगडातल्या भिऱ्यासारखं आधीचं धरण, आधीचं वीजघर असेल तिथेच पंप बसवणं शहाणपणाचं.