मदत हवी आहे: ध्वनीचा धमाका जमिनीपर्यंत का पोहोचत नाही?

कॉन्कॉर्ड २००३ मध्ये थांबलं, तेव्हापासून ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान परत कधी येतंय याची मनापासून वाट पाहतोय. साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्क! २८ जानेवारी २०२५ ला बूम कंपनीच्या एक्सबी-१ या प्रायोगिक विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला, पण कंपनी म्हणते, खाली धमाका (ध्वनीपेक्षा वेगाने उडताना होणारा मोठा आवाज) ऐकूच आला नाही. कारण असं वाचलं, की खालची हवा उबदार, तिथे ध्वनी जास्त वेगाने जातो, म्हणून लहरी वळून वरच परततात. वहीत आकृती काढली, इथवर पटलं. पुढे अडलंय. वारा समोरून किंवा मागून असेल तर हिशोब कसा बदलतो? आणि धमाका खाली न पोहोचणं मॅक १.३ च्या (म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.३ पटीच्या) आसपासच का संपतं? कॉन्कॉर्ड तर मॅक २ ने जायचं. गणितासकट समजावलंत तरी चालेल, बारावीचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.