मदत हवी आहे: जुन्या पीसीवरचे गेम विंडोज ११ वर चालत नाहीत, तिघांचे तीन प्रॉब्लेम

गोदाकाठची (नाशिक रोड)

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या विंडोज ९८ च्या पीसीचा मदरबोर्ड गेला आणि त्याला लागणारा सुटा भाग आता मिळत नाही. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. आयडीई-टू-यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावून त्यातलं सगळं नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतलंय. लॅपटॉप विंडोज ११, ६४-बिट. सीडीसाठी बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आणलाय. तीन गेम चालवायचे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी अडलेत.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, कमांड टाइप करून चालणाऱ्या सिस्टिमवरचा प्रिन्स ऑफ पर्शिया. तो आईचा. आई शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत दुपारची कामं उरकली की लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून खेळायला बसायची. कुठली फरशी पाय ठेवताच निसटते, कुठल्या पायरीनंतर सुऱ्यांचा दरवाजा येतो, हे तिला अजून पाठ आहे. नुकतंच तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दिवसभर एका जागी बसायचं, टीव्हीचा तिला कंटाळा, आणि रोज विचारते, "माझा राजपुत्र निघाला का गं त्या डबड्यातून?" फाइल तर निघाली, पण डबल क्लिक केलं की 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' एवढाच निरोप येतो.

दुसरी भाच्यांसाठीची, कोड्यांची सीडी. कव्हरवर विंडोज ३.१ किंवा ९५, २५६ रंग आणि क्विकटाइम (व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर) लागेल असं छापलंय. सेटअप चालवलं की तोच निरोप.

तिसरा भावाचा नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड, मूळ सीडीवरचा. हा व्यवस्थित इन्स्टॉल होतो, पण आयकॉनवर क्लिक केल्यावर काहीच होत नाही. एररही नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटी टॅबमध्ये जुनं विंडोज एक्सपी निवडून पाहिलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं, फरक नाही.

शरणपूर रोडवरच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले, "ताई, विंडोज ७ टाकून देतो, सगळं चालेल." याच लॅपटॉपवर माझं ऑफिसचं काम आणि बँकेचे व्यवहार चालतात, त्यामुळे ते नको वाटतं. नेटवर तिसऱ्या गेमचा क्रॅकही (कुलूप तोडलेली फाइल) मिळतोय. तो टाकावा का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

फ्लॉपीवाला

ताई, आधी एक विनंती. क्रॅक टाकू नका आणि विंडोज ७ पण नको. बँकेचे व्यवहार करता त्या मशीनवर तर अजिबातच नाही. तिन्ही गेमना सरळ मार्ग आहेत, फक्त ते तीन वेगळे आहेत. लोक तिन्हींना कंपॅटिबिलिटी टॅबचंच औषध देत बसतात आणि मग म्हणतात की जुने गेम चालतच नाहीत. गेम कुठल्या काळातला आणि त्याला नव्या विंडोजमध्ये नेमकं काय सापडत नाहीये, हे बघितलं की निम्मं काम झालं.

प्रिन्स डॉसचा, १९९० चा. डॉसचे प्रोग्रॅम १६-बिट, म्हणजे जुन्या प्रोसेसरच्या पद्धतीने लिहिलेले. ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा आणि तो प्रोसेसरच्या व्हर्च्युअल ८०८६ मोडवर चालायचा. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की तो मोड मिळत नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम कधी आलाच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच निघालं. तेव्हा त्या फाइलवर कितीही क्लिक करा, ती आत जाणारच नाही.

यावर उपाय डॉसबॉक्स. २००२ पासून आहे, फुकट आहे. हा लॅपटॉपच्या आत एक आख्खा जुना पीसी उभा करतो: जुना प्रोसेसर, व्हीजीए ग्राफिक्स, साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड, सगळं. तुम्ही डॉसबॉक्स स्टेजिंग ही नवी आवृत्ती घ्या. मूळ डॉसबॉक्समध्ये काही गोष्टी हाताने लावाव्या लागतात, यात त्या लावलेल्या येतात. उदाहरणार्थ, हे गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण तेव्हाचा मॉनिटर ते ताणून ४:३ मध्ये दाखवायचा. ते ताणणं राहून गेलं की राजपुत्र बुटका आणि रुंद दिसतो. आईंच्या लगेच लक्षात येईल.

करायचं असं. सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर करा, त्यात प्रिन्सचा फोल्डर ठेवा. नावं आठ अक्षरांच्या आत ठेवा आणि मध्ये स्पेस नको. प्रोग्रॅम फाइल्समध्ये काही ठेवू नका. तिथे विंडोज जुन्या गेमना लिहू देत नाही, मग सेव्ह केलेलं गायब होतं. डॉसबॉक्स उघडल्यावर 'माउंट सी सी:\गेम्स' असं इंग्रजीत टाइप करा, एंटर. मग 'सी:', एंटर. मग 'सीडी प्रिन्स', एंटर, आणि शेवटी 'प्रिन्स'. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की फुल स्क्रीन. माउस आत अडकला तर कंट्रोल-एफ१०. वेग कमी करायला कंट्रोल-एफ११, वाढवायला कंट्रोल-एफ१२.

आईंना रोज एवढं टाइप करायला लावू नका. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये अगदी तळाशी ऑटोएक्झेक नावाचा भाग असतो. याच चार ओळी तिथे लिहून ठेवा, म्हणजे आयकॉनवर क्लिक केलं की थेट राजवाडा. बाकीच्या दोघांचं रात्री सविस्तर लिहितो.

अंबडकर

एवढं कशाला? एखाद्या जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज १० टाका, त्यात एनटीव्हीडीएम सुरू करता येतो. मी वर्कशॉपमधलं एक जुनं १६-बिट सॉफ्टवेअर तसंच चालवतोय.

फ्लॉपीवाला

अंबडकर, तुमच्या सॉफ्टवेअरसाठी ते ठीक आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ते मशीन नेटला जोडू नका. आणि डॉस गेमला त्याचा उपयोग कमी. व्हिस्टापासूनच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर एनटीव्हीडीएम फुल स्क्रीन देत नाही, साउंड कार्डचीही बोंब. खेळायला डॉसबॉक्सच बरा.

गोदाकाठची

फ्लॉपीवाला दादा, मनापासून धन्यवाद! प्रिन्स चालला! आई दुपारपासून बसलीये, मधे चहासुद्धा कीबोर्डशेजारी घेतला. पहिल्याच खड्ड्यापाशी एका झटक्यात शिफ्ट दाबून कडेला लटकली. इतक्या वर्षांनीही बोटांना सगळं आठवतंय.

दोन शंका. लॅपटॉपवर वर-खाली बाणांची बटणं अगदी चिंचोळी आहेत, तिला त्रास होतो. आणि आवाज "आपल्या गेमचा नाही" म्हणते. जुन्या पीसीला स्पीकर जोडलेले नव्हते, आतून नुसता टीं-टूं आवाज यायचा.

फ्लॉपीवाला

वा, ताई! खूप बरं वाटलं वाचून. आईंना माझा नमस्कार सांगा.

बटणांसाठी बाहेरून जोडायचा साधा यूएसबी कीबोर्ड घ्या, पूर्ण आकाराचा, नंबर पॅडवाला. नंबर पॅडवरच्या बाणांनीही प्रिन्स खेळता येतो आणि ती बटणं मोठी असतात. कीबोर्ड मांडीवरही ठेवता येईल, गुडघ्यावर ताण येणार नाही.

आवाजाचं आईंचं बरोबर आहे. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टर पुढे करतो, म्हणून गेम संगीत त्यावर वाजवतो. तुमच्या जुन्या पीसीत तो आवाज आतल्या स्पीकरवरून येत होता. कॉन्फिग फाइलमध्ये 'एसबीटाइप' पुढे 'नन' लिहा. मग गेमला साउंड ब्लास्टर दिसणारच नाही. पीसी स्पीकरची नक्कल डॉसबॉक्समध्ये सुरूच असते, तेव्हा ती टीं-टूं परत यायला हवी.

सेव्हचंही सांगा त्यांना. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबलं की सेव्ह होतो आणि गेमच्या सुरुवातीला कंट्रोल-एल दाबलं की तिथून पुढे. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं असल्यामुळे एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. बाकी 'प्रिन्स मेगाहिट' लिहून चालू करायची युक्ती त्यांना माहीत असेलच, त्या काळी शाळाशाळांतून पोरांना पाठ होती.

आता तिसरा, रेसिंगचा. हा २००३ चा, ३२-बिट. म्हणजे विंडोज ११ ला तो चालवायला काहीच हरकत नाही. अडलंय ते सीडीच्या कुलपाशी. सीडी एक्सप्लोररमध्ये उघडून बघा, '०००००००१.टीएमपी' अशासारखी, नुसते शून्य आणि शेवटी एक असलेली फाइल दिसते का? दिसली तर ते सेफडिस्क. सीडी मूळची आहे की नक्कल, हे तपासणारी ही यंत्रणा. गेम सुरू होताना ती 'सेकड्राइव्ह.सिस' नावाच्या ड्रायव्हरला विचारते, आणि हा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालायचा. तिथे सुरक्षेचं भगदाड पडतं म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा तो काढूनच टाकला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद केला. दुकानदाराने सांगितलेल्या विंडोज ७ चा भरवसा म्हणूनच नाही. आणि नेटवर कुणी तो ड्रायव्हर परत आणून बसवायला सांगेल, तेही करू नका. बंद केलेलं भगदाड आपल्या हाताने पुन्हा उघडण्यासारखं आहे ते.

यासाठी सेफडिस्कशिम नावाचं एक छोटं, फुकट साधन आहे. गेम त्या ड्रायव्हरला जे विचारतो त्याचं उत्तर हे वरच्या वर देतं, गाभ्याला हात लावत नाही. मूळ सीडी ड्राइव्हमध्ये लागतेच. म्हणजे ही चोरी नाही, तुम्ही विकत घेतलेली वस्तूच वापरताय. ते त्याच्या मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच उतरवा, 'मोफत डाउनलोड'वाल्या कुठल्याही साइटवरून नको. आणि या सीडीची साधी आयएसओ (सीडीची एका फाइलमधली प्रत) काढून काम भागणार नाही. सेफडिस्कवाल्या सीडीवर मुद्दाम असे भाग ठेवलेले असतात जे साध्या कॉपीत नीट उतरत नाहीत. तेव्हा सीडी जपा. पुसायची तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे, गोल गोल नको.

पंचवटीकर

कोड्यांच्या सीडीबद्दल मी सांगतो, असल्या सीडींवर बरीच खटपट केली आहे. विंडोज ३.१ वर चालेल असं कव्हरवर आहे म्हणजे प्रोग्रॅमच १६-बिट. डॉसबॉक्सने थेट काम होणार नाही, कारण हा डॉसचा नाही, जुन्या विंडोजचा आहे.

पर्याय एक: ओटीव्हीडीएम, यालाच वाइनव्हीडीएमही म्हणतात. झिप उघडायची आणि सीडीवरची सेटअपची फाइल ओढून ओटीव्हीडीएमच्या आयकॉनवर सोडायची. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम उघडतो. पर्याय दोन: लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉपवर न बसवता तिथूनच चालू करा आणि त्यात वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. ६४-बिट लिनक्सवरचं वाइन अजूनही १६-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवतं.

एक धोक्याची सूचना. सीडी विचारेल की क्विकटाइम टाकू का? जुन्या प्रोग्रॅमला तेव्हाचंच १६-बिट क्विकटाइम लागतं आणि ते बहुतेक त्याच सीडीवर असतं. नेटवरून नवं टाकून उपयोग नाही. आणि सीडीत गाण्यांचे ट्रॅकही असतील तर प्रत काढताना आयएसओ नको, बिन-क्यू या दोन फाइलींच्या प्रकारात काढा. आयएसओमध्ये ऑडिओ ट्रॅक येत नाहीत, मग गेम चालतो पण मुका.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. ताजी स्थिती सांगते.

'नन' केल्यावर टीं-टूं आली, आई खूश. कीबोर्ड मेनरोडवरून आणला.

रेसिंगच्या सीडीवर ती शून्यांची फाइल आहे. शिम टाकल्यावर गेम सुरू झाला. चित्र मात्र आडवं ताणलेलं दिसतं, गाड्या चपट्या.

कोड्यांची सीडी ओटीव्हीडीएमने इन्स्टॉल झाली, पहिला पडदा येतो, पण रंग विचित्र आहेत, हिरव्याच्या जागी गुलाबी. आणि प्राणी बोलायला लागले की तिथे काळी चौकट येते.

पंचवटीकर

गुलाबी-हिरवं म्हणजे २५६ रंगांचा घोळ. त्या काळी प्रोग्रॅम स्वतःची २५६ रंगांची पाटी लावायचा. आताचा पडदा लाखो रंगांचा, तो ती पाटी पाळत नाही. ओटीव्हीडीएमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे 'रिड्यूस्ड कलर मोड'मध्ये ८-बिट करून बघा. इथे तो टॅब खरंच कामाचा आहे.

काळी चौकट म्हणजे क्विकटाइम बसलेलं नाही. सीडीवर क्यूटी किंवा क्यूटीडब्ल्यू नावाचा फोल्डर आहे का ते बघा आणि त्यातलं सेटअपही ओटीव्हीडीएमवर ओढून सोडा.

फ्लॉपीवाला

चपट्या गाड्यांचं कारण, २००३ चा गेम रुंद पडदा ओळखत नाही. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये स्केलिंग असतं, तिथे 'मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील पण गाड्या जागेवर येतील.

गोदाकाठची

स्केलिंग केलं, गाड्या सरळ झाल्या. ८-बिट केल्यावर रंगही आले. सीडीवर क्यूटीडब्ल्यू फोल्डर आहे, पण त्यातलं सेटअप अर्ध्यात थांबतं आणि विंडोज फोल्डरमध्ये लिहिता येत नाही असं म्हणतं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं सुरक्षित आहे का, की आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवर करून बघू? भाचे शनिवारी येताहेत.

पंचवटीकर

पेनड्राइव्हवरच करा. वाइनमध्ये त्याचा विंडोज फोल्डर वेगळा आणि खोटा असतो, क्विकटाइमने तिथे काहीही लिहिलं तरी तुमच्या लॅपटॉपच्या विंडोजला धक्का लागत नाही. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या, आणि तो बनवताना 'पर्सिस्टन्स' चालू ठेवा, नाहीतर लॅपटॉप बंद केल्यावर टाकलेलं सगळं जाईल. अडलं तर पडद्याचा फोटो इथेच टाका, शुक्रवारी रात्री मी ऑनलाइन आहे.