सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक अंगठ्या मोजून ठरवायचा का?

न्यूजर्सीकर
अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. त्यात टॉम ब्रेडीचा विषय निघाला की 'सात सुपर बोल (एनएफएल लीगचा अंतिम सामना; जिंकणाऱ्याला अंगठी मिळते), आता बोलायचं काय?' असं ऐकावं लागतं. मला लगेच डॅन मरीनो आठवतो. १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्ड, ४८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास)! तोवर असलं काही कोणी पाहिलंच नव्हतं. त्याच्या नशिबी सुपर बोल एकच आला, तोही हरला. उलट क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर बाल्टिमोरच्या बचावफळीच्या जिवावर विजेता ठरला. म्हणून तो मरीनोपेक्षा मोठा? २००२ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी ४८ यार्डांवरून विजयी किक मारली ब्रेडीच्या संघातल्या विनाटिएरीने, अंगठी मात्र आपण ब्रेडीच्या खात्यात मांडतो.

बॉस्टनकर
त्या किकपर्यंत संघाला नेलं कोणी? ८१ सेकंद उरलेले, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही, आणि स्वतःच्या १७ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात. डिल्फरची एक अंगठी सोडून द्या. पण सुपर बोलमध्ये २८-३ अशी पिछाडी भरून काढणं, पुढे ४३ व्या वर्षी टॅम्पा बेसारख्या नव्या संघाला जिंकून देणं, हेही इतरांच्याच जिवावर?

जुना प्रेक्षक
तुम्ही दोघंही १९७८ नंतरचंच बोलताय. त्या वर्षी नियम बदलले. पाच यार्डांपुढे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्के देणं बंद झालं, क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा मिळाली. क्वार्टरबॅक जॉनी युनायटसने सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास दिले ते त्याआधी, १९५६ ते १९६० मध्ये. तो विक्रम २०१२ पर्यंत टिकला! हेल्मेटशिवाय वेगवान मारा खेळणाऱ्या गावसकरांची सरासरी आजच्या फलंदाजाशेजारी नुसती मांडून चालेल का? आणि ऑटो ग्रॅहम? दहा हंगाम, दहाही वेळा अंतिम सामना, सात विजेतेपदं.

बॉस्टनकर
त्यातली चार एएएफसीची, म्हणजे एनएफएल नव्हे, मोजक्या संघांच्या दुसऱ्या लीगमधली. ब्रेडीसमोर ३१-३२ संघांची लीग होती.

न्यूजर्सीकर
संघ मोजता, मग नियमही मोजा की! मी क्वार्टरबॅकच्या हातून काय सुटलं ते बघतो, म्हणून माझा पहिला नंबर जो मोंटानाचा. चार सुपर बोल, १२२ पास, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) एकही नाही.

बॉस्टनकर
पास झेलायला जेरी राइस होता ना!

न्यूजर्सीकर
राइस १९८५ मध्ये आला. मोंटानाचे पहिले दोन सुपर बोल त्याआधीचे आहेत.